माटवीतलं तोरिंजन उतरवलं, साल टाकू नको म्हणतायत. गुडघेदुखीला कुणी वापरलीय का?

सुरंगी_वेंगुर्ले

नमस्कार मंडळी, आमच्याकडे अनंतचतुर्दशीपर्यंत गणपती असतो, परवा विसर्जन झालं आणि काल माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळांची लाकडी चौकट, सोडली. कवंडळं, सुपारीचं शिपटं, नारळ असं एकेक उतरवताना दोन तोरिंजनं निघाली, पपनस म्हणतात ना तेच, चांगली डोक्याएवढी. गर पोरांनी मीठसाखर लावून संपवला आणि साली मी केळीच्या बुंध्यात टाकायला निघाले तर शेजारच्या काकी पडवीतूनच ओरडल्या, अगो टाकू नको, सुकव आणि खोबरेलात कढव, सासूच्या गुडघ्यांना लाव.

सासूबाई ६८ वर्षांच्या. जन्मभर चिखलात वाकून लावणी केली, आता जमिनीवर बसवत नाही आणि बसल्या तर उठताना दाराची चौकट धरावी लागते. एक्सरे काढलाय, दोन्ही गुडघ्यांची झीज आहे म्हणाले. दुखण्याची गोळी दिलीय, तिने बरं वाटतं पण रोज घेतली की पोटात आग होते म्हणून त्या लपवून ठेवतात आणि मला सांगतात घेतली. मला त्याचीच काळजी वाटते.

तर विचारायचं असं की सालीत खरंच काही आहे का? लिंबू, संत्रं, तोरिंजन सगळ्यांची साल एकच की फरक पडतो? आणि तेल करायचं तर नेमकं कसं? साली सध्या सुपात पंख्याखाली ठेवल्यात. बाहेर ऊन-पाऊस चालूच आहे त्यामुळे बुरशी धरेल अशी भीती वाटते.

भरतीची_वाट

सुरंगीताय, काकी सांगतत ता खोटा नाय. आमची आवस लिंबू अर्धा कापून तव्यार गरम करी, तेका हळद नि मीठ लावन मुरगाळलेल्या पायाक शेक देय. होडयेरसून उतारताना बापाशीचो पाय वाकडो पडलो काय हीच दवा. दोन दिवसात सूज उतरी. आता ती लिंबाची गुणवत्ता की शेकाची ता माका सांगाक येवचा नाय, पण घरात डॉक्टर येयसर तेवढाच होता.

तोरिंजनाच्या सालीचा तेल मात्र आमी कधी केला नाय. आमच्याकडे तेच्या पांढऱ्या भागाची साखरेत घालून वडी करतत.

काउंटरवाला_रत्नागिरी

ताई, मी बी.फार्म., २२ वर्षं मेडिकल दुकानात उभा आहे आणि गुडघेदुखीचं माणूस आमच्याकडे रोज येतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर माफ करा.

साल नखाने खरवडलीत की जी बारीक फवारणी उडते ना, डोळ्यात गेली की झोंबते ती, ते तेल. रंगीत सालीत बारीक बारीक पिशव्या असतात त्यात ते भरलेलं असतं आणि त्यात मुख्य असतं लिमोनिन. त्याच्या आतला पांढरा कापसासारखा भाग वेगळा, त्यात पेक्टिन आणि कडू द्रव्यं. आपण गर खातो आणि टाकतो ते नेमकं हेच दोन थर, आणि औषधी म्हणावं असं बरंचसं त्यांच्यातच आहे.

संत्र्याच्या सालीतलं हेस्पेरिडिन नावाचं द्रव्य १८२८ साली लेब्रेटों नावाच्या फ्रेंच माणसाने वेगळं काढलं. पुढे १९३६ मध्ये सेंट-ग्यॉर्गी, म्हणजे क जीवनसत्त्ववाले शास्त्रज्ञ, १९३७ चं नोबेल मिळालेले, त्यांनी लिंबातून काढलेल्या अशाच मिश्रणाने बारीक रक्तवाहिन्यांची गळती कमी होते असं मांडलं आणि त्याला जीवनसत्त्व पी असं नाव दिलं. ते जीवनसत्त्व नाही हे नंतर ठरलं आणि नाव मागे पडलं, पण द्रव्य मागे पडलं नाही. आजही मूळव्याध आणि पायाच्या फुगलेल्या शिरा यांसाठी डॉक्टर ५०० मिलिग्रॅमची जी गोळी लिहितात त्यात ४५० डायोस्मिन आणि ५० हेस्पेरिडिन असतं, आणि ते डायोस्मिनसुद्धा बहुतेक वेळा सालीतल्या हेस्पेरिडिनपासूनच बनवतात. म्हणजे ज्या साली आपण केळीत टाकतो त्यांचं औषध मी रोज काउंटरवर विकतो.

आता सुजेचं. दुखावलेल्या जागी शरीर काही रसायनं सोडतं, त्यातली प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम आपली नेहमीची पेनकिलर अडवते. पोटाच्या अस्तराला राखणारं प्रोस्टाग्लँडिनही त्यातच अडतं म्हणून पोटात आग. हेस्पेरिडिन आणि संत्र्या-मोसंबीच्या सालीतलं नोबिलेटिन ही द्रव्यं त्या रसायनांचा हुकूम सुटतो तिथेच थोडा आवर घालतात, असं पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. पण उंदराला दिलेला डोस आणि आपण चोळलेलं तेल यात फार अंतर आहे. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, सालीने भरून येत नाही, हे सासूबाईंना आधीच सांगा, म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, फरक पडतो का. पडतो. संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिन आणि नोबिलेटिन, कागदी लिंबात हेस्पेरिडिन आणि एरिओसिट्रिन, आणि तुमच्या तोरिंजनात मुख्यतः नारिंजिन, त्यानेच ती साल एवढी कडू लागते. नारिंजिनही सूज कमी करणाऱ्यांत मोडतं. पण यातलं हेस्पेरिडिन पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून साली उकळून नुसतं पाणी पिणारे लोक बरंचसं गाळणीत टाकून देतात. सालीसकट खायचं तर लोणचं. आपल्या आज्या खारातलं लिंबू वर्षभर मुरवून सालीसकट ताटात वाढायच्या ते मला तरी या बाबतीत शहाणपणाचं वाटतं, फक्त बीपी असेल तर त्यातलं मीठ मोजा.

आणि महत्त्वाचं, पोटात आग होते म्हणून गोळी लपवणं थांबवा. डॉक्टरांना जाऊन तसं स्पष्ट सांगा, जेवणानंतर घेणं, सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी, नाहीतर पेनकिलरचा जेल लावायला देणं, असे बरेच मार्ग आहेत. रोज पेनकिलर घेऊन किडनीला त्रास झालेले लोक मी पाहिलेत, आणि सगळंच बंद करून घरात बसून मांडीचे स्नायू गेलेलेही पाहिलेत.

आगर_गुहागर

काउंटरवाले दादा, वाचून फार बरं वाटलं. एक शंका, आमच्या आगरातल्या कागदी लिंबावर खैऱ्या आलाय, सालीवर खरखरीत तपकिरी फोड आहेत. पावसात दरवर्षी येतो. अशा साली घ्याव्या का?

काउंटरवाला_रत्नागिरी

खैऱ्याचा जंतू झाडाचा, माणसाला त्याचा त्रास नाही. पण फोड आलेला भाग कापूनच टाका, तिथे नंतर बुरशी बसते. आणि बोर्डो किंवा दुसरं काही फवारलं असेल तर त्या तोडीच्या साली औषधाला नकोच. बाजारातली चकचकीत मेणाचा थर दिलेली संत्री असतात, त्यांचंही तेच, वरून बरेचदा बुरशीनाशक लावलेलं असतं. घरच्या झाडाची साल ती घरची.

चुरमुरे_मुरुड

मी औषधाचं नाही सांगत, त्रासाचं सांगते, कारण सुरंगीताईंनी तेल करण्याआधी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आमचं किनाऱ्यालगत घरगुती जेवणाचं आहे. दोन वर्षांमागे मे महिन्यात मोठा ग्रुप आला होता, सकाळी बसून मी शंभरेक लिंबं पिळली, कोळंबीला लावायला आणि सरबताला. हात नुसते पाण्याने खळबळले आणि तशीच मागच्या अंगणात सुकट पसरायला गेले, तासभर उन्हात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही हातांची बोटं लाल, चौथ्या दिवशी पाण्याचे फोड, भाजल्यासारखे. मला वाटलं वाफेने भाजलं असेल पण मी त्या दिवशी चुलीजवळ गेलेच नव्हते. कातडीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, लिंबू हाताळलंत का? म्हणाले लिंबाच्या सालीत असं द्रव्य असतं जे कातडीवर राहिलं आणि वर ऊन पडलं की कातडी जळते. फोड बसले पण काळे डाग चार महिने राहिले, मनगटावर तर लिंबाचा ओघळ जिथून गेला होता तशीच्या तशी काळी रेघ होती.

म्हणून सालीचं तेल लावायचं तर रात्री लावा, सकाळी साबणाने धुवा आणि मगच उन्हात जा. आपल्याकडचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको.

काउंटरवाला_रत्नागिरी

ताई, नेमकं लिहिलंत. त्या द्रव्यांना फ्युरानोकुमारिन म्हणतात, कागदी लिंबाच्या सालीत भरपूर. तेल कढवल्याने ती जात नाहीत.

आणि हीच द्रव्यं तोरिंजनाच्या बाबतीत पोटात वेगळा घोळ करतात, ते पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं राहून गेलं, चूक माझी. आतड्यातलं जे एन्झाइम काही औषधं मोडतं त्याला ती बंद पाडतात, मग औषध नेहमीपेक्षा जास्त रक्तात जातं. कोलेस्टेरॉलच्या अटोर्वास्टॅटिन, सिमवास्टॅटिन, बीपीच्या निफेडिपिन, फेलोडिपिन, किडनी बदललेल्यांच्या टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, यातलं काही चालू असेल तर तोरिंजनाचा गरही नको आणि सालीची वडी, मुरंबा तर नकोच. सकाळी गोळी घेतली आणि रात्री फळ खाल्लं म्हणून चालत नाही, परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. गुडघ्याला लावण्याला ही अडचण नाही. सुरंगीताई, सासूबाईंच्या गोळ्यांची नावं एकदा बघा.

सुरंगी_वेंगुर्ले

बघितलं. अटोर्वास्टॅटिन १० आहे!! आणि त्यांनी परवा चांगल्या चार फोडी खाल्ल्या. आता काय करू?

काउंटरवाला_रत्नागिरी

घाबरू नका, १० चा डोस लहान आहे, चार फोडींनी लगेच काही होत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, तोरिंजन बंद करा. अंग, मांड्या विनाकारण खूप दुखायला लागल्या किंवा लघवी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. आणि पुढच्या भेटीत त्यांच्या कानावर घाला, तोरिंजनाची अडचण नसलेली दुसरी गोळीही असते.

वैद्यबुवा_दापोली

उशिरा आलो. धागा छान चाललाय, माझी थोडी भर.

आपल्या ग्रंथांतून या घराण्यातलं जे फळ जास्त करून येतं ते मातुलुंग, म्हणजे महाळुंग. देवीच्या हातात असतं तेच, जाड खडबडीत सालीचं. त्याची साल कडू, पचायला जड पण वात, कफ आणि कृमी यांवर चालणारी सांगितलीय. गर वेगळ्या गुणाचा, केसर वेगळ्या गुणाचं. एकाच फळाचे थर वेगवेगळे मोजण्याची ही रीत मला फार आवडते, काउंटरवाल्यांनी वर केलं तेच काम दुसऱ्या भाषेत. पचायला जड हे शब्द मात्र लक्षात ठेवा, सालीचं चूर्ण चमचे चमचे खाऊ नये, गुडघे राहतील बाजूला आणि पोट बिघडेल.

तेलाचं सांगतो. नुसत्या साली तेलात टाकून तळल्या की साल करपते आणि वास येतो, औषध उतरत नाही. आमचं प्रमाण असं, वाटलेली चटणी एक भाग, तेल चार भाग, पाणी किंवा काढा सोळा भाग. म्हणजे ५० ग्रॅम साल वाटून घेतलीत तर २०० ग्रॅम तेल आणि ८०० ग्रॅम पाणी. साल फक्त वरची रंगीत घ्या, पांढरा भाग विळीने काढून टाका, तो पाणी धरून ठेवतो. वाताला मी तीळतेल घेतो पण घाणीचं खोबरेल असेल तर तेही चालेल. लोखंडी कढई नको, आंबटाने काळी पडते, स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या. मंद आंच, आणि ढवळत राहायचं. पाणी पूर्ण आटायला चार-पाच तास लागतात, घाई केलीत तर फसलं.

झालं कसं ओळखायचं? तळातली चटणी चिमटीत घेऊन बोटांत वळा, वातीसारखी वळली पाहिजे, बोटाला चिकटता नये. ती वात विस्तवावर धरा, चटचट आवाज आला तर पाणी राहिलंय. आणि तेलावर फेस आला पाहिजे. तुपाचा पाक असेल तर उलट, फेस बसतो. या तीन खुणा जमल्या की उतरवा, कोमट असतानाच फडक्यातून गाळा आणि कोरड्या बाटलीत भरा. पाण्याचा अंश राहिला तर पंधरा दिवसांत खवट.

एवढ्या कढवण्यात सालीचा बराचसा सुगंध उडून जातो, ते चालेल. थोडं थोडंच करा, महिनाभर पुरेल एवढं. जुन्या, हवा लागलेल्या तेलाने कातडीला खाज सुटते. आधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस बघा.

काउंटरवाला_रत्नागिरी

बुवा, ते खाजेचं अगदी बरोबर. लिमोनिन हवेने बदलतं आणि मग त्याचीच अ‍ॅलर्जी येते.

पिंपळपार_कुडाळ

हा धागा वाचताना हात थरथरले म्हणून लिहितोय. कृपया सगळ्यांनी वाचा.

आमचे बाबा तीन वर्षांमागे याच दिवसांत, भात पोटरीला आलं होतं तेव्हा, शेतातून आले आणि म्हणाले पोटऱ्या फार दुखतायत. थोडी कणकण होती. आम्हाला वाटलं दिवसभर बांध घातलाय म्हणून. आईने लिंबू आणि तेल गरम करून तीन रात्री पोटऱ्या चोळल्या. हात लावला तरी ओरडायचे. चौथ्या दिवशी डोळे लाल आणि मग पिवळे. लेप्टो निघाला, म्हणजे उंदरांच्या मुताने खराब झालेल्या पाण्यातून होतो तो ताप. किडनीवर गेला होता, अकरा दिवस आयसीयूत काढले. वाचले, देवाची कृपा. तिथले डॉक्टर म्हणाले पहिल्या दोन दिवसांत आला असतात तर साध्या गोळ्यांवर भागलं असतं.

आईने प्रेमानेच चोळलं होतं. ती अजून स्वतःला दोष देते. मी सालीच्या किंवा तेलाच्या विरोधात नाही पण पावसात आणि नंतरच्या दोन महिन्यांत शेतात, पाण्यात काम केलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्या एकदम दुखायला लागल्या तर तेलाची बाटली काढू नका, आरोग्य केंद्रात जा.

वैद्यबुवा_दापोली

दादा, हे लिहिलंत त्याबद्दल हात जोडतो. माझ्याकडे येणाऱ्या तापाच्या माणसाला मी अभ्यंग करत नाही, ग्रंथातही ज्वर नवा असताना अभ्यंग नाही. आईंना सांगा, लक्षणं डॉक्टरांनाही चकवतात.

अजून एक. एकच सांधा अचानक लालबुंद, गरम, हात लावू देत नाही, विशेषतः पायाचा अंगठा, तर यूरिक अ‍ॅसिड तपासा. आपल्याकडे तारली, बांगडा, सुकट रोजचंच, त्याने ते वाढतं. आणि सकाळी उठल्यावर हाताची बोटं तासभर आखडलेली राहत असतील तर तो आमवात असू शकतो, त्याची औषधं वेळेत सुरू झाली नाहीत तर सांधे वाकडे होतात. सुरंगीताईंच्या सासूबाईंची झीज आहे हे एक्सरेत दिसलंय म्हणून आपण तेलाचं बोलतोय.

लोकलची_खिडकी

मूळ गाव श्रीवर्धन, आता डोंबिवलीत. इथे फेरीवाल्याकडे सांधेदुखीची पुडी मिळते, सालीची आणि झाडपाल्याची म्हणतो. मावशीला दोन दिवसांत फरक पडला. गावच्या आईला पाठवू का?

काउंटरवाला_रत्नागिरी

नका पाठवू. दोन दिवसांत फरक पडणाऱ्या बिननावाच्या पुडीत बरेचदा स्टेरॉइड कुटलेलं असतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं. मावशी बरेच दिवस घेत असतील तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा.

श्रीवर्धनचे म्हणून एक सांगावंसं वाटलं, तुमच्या शेजारी म्हसळ्याजवळ चिरगावात गिधाडं आहेत ना? देशभरातली गिधाडं ज्याने संपली ते डायक्लोफिनॅक, गुरांना देण्यावर २००६ मध्ये बंदी आली. मेलेल्या गुरातून पोटात गेलं की गिधाडाची किडनी बंद पडायची. तीच गोळी माणसं दुकानात चिठ्ठीशिवाय मागतात. म्हणून मला या सालीच्या चर्चेत एवढा जीव आहे, आठवड्यातून दोन पेनकिलर जरी कमी झाल्या तरी मला हव्या आहेत.

सुरंगी_वेंगुर्ले

पाच आठवडे झाले, पुढे काय झालं ते कळवते.

पहिली खेप बिघडली. साली पंख्याखाली सुकल्यासारख्या दिसल्या पण आत ओल होती, डब्यात भरल्या तर तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी. सगळं टाकलं. दुसऱ्या वेळी काकींच्या झाडाचं तोरिंजन आणलं, बुवांनी सांगितलं तशी वरची साल काढून ताजीच पाट्यावर वाटली. ५० ग्रॅम साल, २०० ग्रॅम घाणीचं खोबरेल. दुपारी एकला ठेवलं ते संध्याकाळी सहाला उतरलं. वात वळून विस्तवावर धरली तर पहिल्यांदा चटचटली, अजून अर्धा तास ठेवलं, मग नुसती जळली, आवाज नाही. फेसही आला. तेल पिवळसर झालंय, वास अगदी मंद, माटवीखाली उभं राहिल्यावर येतो तसा.

डॉक्टरांकडेही जाऊन आलो. पोटात आग होते हे सासूबाईंनी स्वतः सांगितलं, मी नुसती बाजूला बसले होते. गोळी बदलून दिली, दुखेल तेव्हाच घ्यायची, आणि खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा मोजायचे असा व्यायाम दिला. कोलेस्टेरॉलचीही गोळी बदलली, तोरिंजनाचं ऐकून ते म्हणाले बरं झालं विचारलंत.

आता रोज रात्री जेवण झाल्यावर मी कोमट तेल लावते, पंधरा मिनिटं, आणि वरून जुन्या नऊवारीचा तुकडा गुंडाळते. सकाळी गरम पाण्याने धुऊन टाकतात. फरक तेलाचा, व्यायामाचा की रोज कुणीतरी पायाशी बसतं त्याचा, मला वेगळं करता येत नाही. गोळी आधी रोज होती, गेल्या आठवड्यात दोनदा घेतली. मी पाकीट मोजलं, या वेळी लपवलेली नाही.

जमिनीवर अजून बसता येत नाही. पण काल तुळशीपाशी दिवा लावायला त्या पडवीच्या दोन पायऱ्या चौकट न धरता उतरल्या. काकी बघत होत्या, त्यांनी लगेच विचारलं तेल उरलंय काय. अर्धी बाटली त्यांना दिली.